वर्षाला शब्द नको, नेम हवा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, शाळांच्या फळ्यांवर, कंपन्यांच्या बैठकांत एकच सल्ला फिरू लागतो : यंदा संकल्प करू नका, एक शब्द निवडा. ‘धैर्य’, ‘समतोल’, ‘कृतज्ञता’, ‘प्रवाह’. असा एखादा शब्द घ्यायचा, सुंदर अक्षरात लिहून आरशावर चिकटवायचा, मोबाइलच्या पडद्यावर ठेवायचा आणि वर्षभर जे काही समोर येईल ते त्या शब्दाच्या उजेडात बघायचं. आता तर हा सल्ला गुढीपाडव्यालाही ऐकू येऊ लागला आहे. मला तो चुकीचा वाटतो आणि निरुपद्रवी तर मुळीच वाटत नाही.

सल्ला देणाऱ्यांची बाजू आधी सरळ मांडायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, संकल्प टिकत नाहीत. एक जानेवारीला जिमचे पैसे भरले जातात आणि संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत बूट कोपऱ्यात जाऊन पडतात. संकल्प मोडला की माणूस स्वतःवर चिडतो, आपल्याला काहीच जमत नाही अशी खूणगाठ बांधतो आणि पुढच्या वर्षी प्रयत्नसुद्धा करत नाही. शब्दाचं तसं होत नाही. तो दिशा दाखवतो, सक्ती करत नाही. आजारपण आलं, नोकरी गेली, तरी तो सोबत राहतो. ही प्रथा आजच्या रूपात रुजली ती अमेरिकेत. फोटोंच्या चिकटवह्या सजवण्याच्या छंदावर लिहिणाऱ्या अ‍ॅली एडवर्ड्स यांनी २००६च्या सुमारास वर्षाला एक छोटासा शब्द ही कल्पना लोकप्रिय केली. पुढे चर्चमधल्या प्रवचनकारांनी आणि व्यवस्थापनाची शिबिरं घेणाऱ्यांनी त्यावर पुस्तकं लिहिली. मेलिंडा गेट्स यांनीही आपण संकल्पाऐवजी वर्षाचा शब्द निवडतो, असं जाहीरपणे सांगितलं. या कोणाच्याही हेतूवर मला शंका नाही. माझा वाद त्यांच्या निष्कर्षाशी आहे.

पहिली गोष्ट, संकल्प टिकतच नाहीत हे विधान खरं नाही. स्क्रँटन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटात नववर्षाचा संकल्प केलेली माणसं होती. दुसऱ्या गटातल्या माणसांनाही स्वतःत बदल हवा होता, पण त्यांनी संकल्प केलेला नव्हता. सहा महिन्यांनी फोन करून विचारलं तेव्हा पहिल्या गटातले ४६ टक्के लोक आपल्या ठरावावर कायम होते. दुसऱ्या गटात ही संख्या ४ टक्के होती. लोकांनी स्वतःबद्दल स्वतःच दिलेली ही माहिती आहे, तेव्हा ती थोडी फुगलेली असेल असं धरून चालू. तरीही दोन आकड्यांमधलं अंतर पुसलं जात नाही. स्वीडनमध्ये हजारावर लोकांवर केलेल्या आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ‘अमुक करीन’ असा संकल्प केलेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के लोकांनी वर्षाअखेरीस आपण यशस्वी झालो असं सांगितलं. ‘तमुक टाळीन’ म्हणणाऱ्यांत ते प्रमाण ४७ टक्के होतं. म्हणजे संकल्प मोडतात हे खरं, पण अर्ध्याच्या आसपास टिकतातही. ज्या साधनानं निम्म्या माणसांचं काम होतं ते फेकून द्यायला सांगणाऱ्यानं, त्याच्या जागी आपण काय देतो आहोत हे दाखवायला हवं.

आणि देतात काय? ज्याचं अपयश मोजता येत नाही अशी एक गोष्ट. ‘शब्द मोडत नाही’ हा त्याचा गुण म्हणून सांगितला जातो. माझ्या लेखी हाच त्याचा मोठा दोष आहे. ‘या वर्षी माझा शब्द आरोग्य’ असं म्हणणारा माणूस डिसेंबरात कधीच खोटा ठरत नाही. दोन सफरचंदं खाल्ली तरी आरोग्य झालं, एक दिवस सुट्टी घेऊन झोपला तरी आरोग्य झालं, काहीच केलं नाही तरी ‘आरोग्याचं महत्त्व कळलं’ म्हणायची सोय आहेच. ज्याला मोडताच येत नाही त्याला पाळणं म्हणजे काय, याचं उत्तर या मंडळींकडे नाही.

आपल्याकडे संकल्प कसा सोडतात ते एकदा जवळून बघा. सत्यनारायण असो, वास्तुशांत असो, यजमान पाटावर बसतो, उजव्या हाताच्या तळव्यावर पाणी आणि अक्षता घेतो. गुरुजी सांगू लागतात ते सगळं नेमकं असतं : कोणता देश, शालिवाहन शक कितवं, संवत्सर कोणतं, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग यजमानाचं गोत्र आणि नाव. मग काय करणार, कशासाठी करणार. एवढं सगळं म्हणून झालं की हातातलं पाणी ताम्हनात सोडायचं. देवाधर्मावर विश्वास असो वा नसो, या रचनेकडे नीट पाहावं. ज्यांनी ती बसवली त्यांना माणसाचं मन ठाऊक होतं. कोण, कुठे, केव्हा, काय, कशासाठी यांतलं एकही स्थान मोकळं ठेवलेलं नाही. आणि हे सगळं मोठ्यानं, चार माणसांसमोर.

वर्षाला नाव द्यायचंच म्हणाल तर तेही आपल्याकडे आधीपासून आहे. साठ संवत्सरांचं चक्र चालू आहे आणि पंचांग दर पाडव्याला नवं नाव वाचून दाखवतं. शके १९४४ शुभकृत होतं, १९४६ क्रोधी, १९४७ विश्वावसू, १९४८ पराभव. ‘पराभव’ नावाच्या वर्षात कोणी पेरणी थांबवत नाही, लग्नं पुढे ढकलत नाही, मुलांना शाळेत घालायचं राहू देत नाही. नावानं वर्ष घडत नाही हे पाडव्याला कडुनिंब खाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नाव पंचांगानं दिलं काय किंवा आपण निवडलं काय, त्यात फरक पडत नाही.

गांधीजी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात होते. तिथून दर मंगळवारी ते साबरमतीच्या आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहीत. ती पत्रं पुढे ‘मंगल प्रभात’ या नावानं छापली गेली. व्रताच्या गरजेवर लिहिलेल्या पत्रात ‘जमेल तितकं’ या शब्दांवर त्यांचा मोठा रोख आहे. जमेल तितके पैसे फेडीन असं म्हणणाऱ्याला सावकार दारात उभा करत नाही, तसंच जमेल तितकं सत्य पाळीन म्हणणाऱ्याचं आहे, असा त्यांचा मुद्दा. वर्षाचा शब्द म्हणजे दुसरं काय? ‘जमेल तितकं’ याचंच ते सजवलेलं रूप आहे. गांधीजींनी आश्रमाला एक प्रेरक शब्द देऊन मोकळं व्हायचं ठरवलं असतं तर त्यांच्याकडे शब्दांची वाण नव्हती. त्यांनी अकरा व्रतं दिली, आणि सूतकताई रोज किती हेही ठरवून दिलं.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो चांगला आक्षेप आहे. आपल्या संतांनी तर एका नामावर सगळा भार टाकला. मग एका शब्दाची शक्ती नाकारणारे तुम्ही कोण? हा आक्षेप घेणाऱ्यांनी एखाद्या माळकऱ्याला विचारावं. गळ्यात तुळशीची माळ घातली म्हणजे काय काय मागे येतं? मद्यमांस बंद. महिन्याच्या दोन्ही एकादशा. रोजचा हरिपाठ. वर्षातून निदान एकदा पंढरीची वारी, आणि ती पावसात, चिखलात, शेतातली कामं आवरून. नाम हे तिथे करायचं काम आहे; ते तोंडानं घ्यायचं असतं, रोज घ्यायचं असतं, आणि आज घेतलं की नाही हे घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. त्या नामाचा आधार घेऊन आरशावरच्या चिठ्ठीची भलामण करणं हा वारकऱ्यांवर अन्याय आहे.

दुसरा आक्षेप त्याहून वजनदार. शब्दांनी चळवळी उभ्या राहिल्या, असं म्हणतात. राहिल्या. बाबासाहेब आंबेडकरांची ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ ही हाक आजही घराघरांत भिंतीवर लिहिलेली दिसते. पण त्या हाकेच्या आगेमागे काय होतं ते विसरून कसं चालेल? ‘शिका’च्या मागे १९४५ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी होती, १९४६चं सिद्धार्थ महाविद्यालय होतं. समता हा शब्द तर ते आयुष्यभर उच्चारत होते, त्या नावाचं पत्रही त्यांनी काढलं. पण २० मार्च १९२७ रोजी महाडला त्यांनी लोकांना शब्दावर चिंतन करायला बसवलं नाही. चवदार तळ्यावर नेलं आणि ओंजळीनं पाणी प्यायलं. आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरच्या मैदानावर लाखोंनी लोक जमलेले असताना, त्यांना नव्या आयुष्याची दिशा द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी काय दिलं? बावीस प्रतिज्ञा. दारू पिणार नाही. चोरी करणार नाही. खोटं बोलणार नाही. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. यातल्या अनेक प्रतिज्ञा अशा की, शेजाऱ्यालाही त्या पाळल्या गेल्या की मोडल्या गेल्या हे दिसावं. ज्या माणसाची शब्दांवरची हुकमत वादातीत होती त्यानं त्या दिवशी ‘मुक्ती’ एवढाच शब्द हातात देऊन लोकांना घरी पाठवलं नाही. घरी गेल्यावर सोमवारी सकाळी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे सांगून पाठवलं. हजारो घरांतल्या चालीरीती त्या दिवसापासून बदलल्या, त्या या नेमकेपणामुळे.

पुण्यातलं आणखी एक उदाहरण. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी ‘त्याग’ असा शब्द निवडला नव्हता. वीस वर्षं, दरमहा ७५ रुपयांच्या आसपास वेतनावर शिकवीन, असा करार होता. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मोठ्या पगाराच्या सरकारी नोकऱ्या त्यांना सहज मिळाल्या असत्या. ते परत आले आणि सोसायटीच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले, कारण जाण्याआधी दिलेलं वचन होतं आणि त्यात वर्षं मोजलेली होती. वर्षं मोजलेली नसती तर त्याग म्हणजे काय याचा अर्थ केंब्रिजमध्ये बसून नव्यानं लावता आला असता.

मानसशास्त्राला हे फार उशिरा सापडलं, पण सापडलं. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांनी काही दशकांच्या प्रयोगांतून दाखवलं की ‘होता होईल तेवढं चांगलं करा’ म्हटल्यानं जे होतं त्याहून नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट दिल्यानं माणसं अधिक करतात. २००२ साली इंग्लंडमध्ये विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग तर थेट आपल्या विषयावरचा आहे. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं तरी दमवणारा व्यायाम करायचा होता. काहींना व्यायामाचं महत्त्व पटवणारं वाचायला दिलं. त्यांच्यात आणि काहीच न दिलेल्यांत फरक पडला नाही, दोन्हीकडे साधारण तिघांत एकानं व्यायाम केला. ज्यांना त्याच वाचनाबरोबर कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे हे लिहून काढायला लावलं, त्यांच्यातल्या ९१ टक्क्यांनी केला. प्रेरणा तीच होती. जास्तीची होती ती फक्त वेळ आणि जागा लिहिलेली एक ओळ. वर्षाचा शब्द माणसाला प्रेरणा तेवढी देतो आणि ती ओळच गाळतो.

आता ज्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो त्याकडे वळते. माझी एक मैत्रीण हिंजवडीत नोकरी करते. तिच्या कंपनीत डिसेंबरात एक सत्र झालं. सगळ्यांना रंगीत चिठ्ठ्या दिल्या, आपापला शब्द लिहून फळ्यावर लावायला सांगितलं, त्या फळ्यासमोर फोटो काढले. तिनं लिहिलं ‘समतोल’. तिला दोन लहान मुलं आहेत, सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेनऊला परदेशातल्या ग्राहकासोबतचे कॉल पूर्वीसारखेच सुरू झाले, शनिवारचं काम सुरू झालं. तिनं वरिष्ठांकडे हळूच विषय काढला तर उत्तर मिळालं, तुझा शब्दच समतोल आहे ना, तो साधायला शीक. ज्या गोष्टीचं उत्तरदायित्व कामाचे तास ठरवणाऱ्यांचं होतं ते एका चिठ्ठीच्या आधारानं तिच्या गळ्यात पडलं. कॉल चालू राहिले, आणि समतोल साधत नाही म्हणून अपराधी वाटू लागलं ते तिलाच. शब्दामुळे अपराधी वाटत नाही, असं सांगणाऱ्यांनी तिच्याशी बोलावं.

मुंबईतल्या गिरणी कामगारांनी १८८४ साली, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या नेतृत्वाखाली, सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं होतं. त्यात ‘विश्रांती’ हा शब्द घेऊन तिच्यावर मनन करण्याची तयारी दाखवलेली नव्हती. रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास थांबायला मिळावं. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं, सूर्यास्ताला संपावं. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. १० जून १८९०पासून रविवारची सुट्टी मिळाली, आणि ती आजही आपण सगळे उपभोगतो. माझ्या मैत्रिणीच्या कंपनीतल्या लोकांनी फळ्यावर ‘समतोल’च्या जागी ‘रात्री आठनंतर कॉल नको’ असं लिहिलं असतं तर तो फोटो बहुधा काढला गेला नसता. व्यवस्थापनांना शब्द आवडतात यात नवल नाही. शब्द काहीच मागत नाही.

एवढं बोलल्यावर एक सवलत द्यायला हवी, आणि ती मी मनापासून देते. जवळचं माणूस गेलं आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत, उद्याचा दिवस कसा उगवेल याची खात्री नाही, अशा माणसानं ‘धीर’ हा शब्द उराशी धरला तर त्याला नेम सांगायला मी जाणार नाही. तिथे शब्द आधाराचं काम करतो आणि आधाराला हिशेब विचारायचा नसतो. पण धडधाकट, कमावत्या माणसांनी, ज्यांना वजन उतरवायचं आहे, कर्ज फेडायचं आहे, आईवडिलांशी तुटलेलं बोलणं जोडायचं आहे, त्यांनी दुःखात पडलेल्या माणसाचा आधार उसना घेऊन आपली टाळाटाळ झाकू नये. ‘नाती’ हा शब्द आरशावर लावून वर्ष काढता येतं. दर रविवारी सकाळी दहाला आईला फोन करायचा असं ठरवलं की पहिल्याच रविवारी कळतं की आपण करतो की नाही.

संकल्प मोडला की माणूस खचतो, हा मुद्दा उरतो. त्याचं उत्तरही आपल्या जुन्या नेमांत आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मास बघा. चार महिने कांदा-लसूण-वांगं नाही, किंवा एकभुक्त राहायचं, किंवा रोज एवढ्या वाती करायच्या. वर्षाचा भार नाही, जन्माचा तर नाहीच. मुदत आखलेली, शेवटी उद्यापन, म्हणजे काम पूर्ण झाल्याची जाहीर नोंद. सोळा सोमवारांना सतरावा उद्यापनाचा असतो. वसा घेणाऱ्या बायकांना नेम लहान असावा, मुदतीचा असावा आणि त्याला शेवट असावा हे कोणी शिबिरात शिकवलं नव्हतं. आपण मात्र ३६५ दिवसांचा अवाढव्य संकल्प करतो, तो तीन आठवड्यांत मोडतो, आणि दोष संकल्प नावाच्या गोष्टीला देतो. नेम लहान करा, मुदत आखा. तो नेम उरतोच. त्याच्या जागी शब्द आणायचं कारण उरत नाही.

आमच्या शेजारचे काका एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले. घरात आजोबांच्या वेळची काही मोडी कागदपत्रं होती, ती कोणालाच वाचता येत नव्हती. काकांनी ठरवलं, सकाळच्या चहानंतर रोज एक ओळ : आधी पाहून लिहायची, मग वाचायची. ज्या दिवशी झाली त्या दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात बारीक फुली, काकू दुधाचे खाडे जिथे लिहितात त्याच्याच खाली. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं, चौकोन ओळीनं मोकळे राहिले. पुढे दोन दिवस ताप आला, तेही मोकळे. काकांनी ते मोकळे चौकोन कोणापासून लपवले नाहीत. काकू तर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या. अनंत चतुर्दशीनंतर फुल्या पुन्हा सुरू झाल्या. आज त्यांच्याकडच्या कर्जरोख्यात मुद्दल किती होतं, व्याज कोणत्या दरानं होतं आणि साक्षीदार म्हणून गावातल्या कोणाकोणाची नावं आहेत, हे ते बोट ठेवून वाचून दाखवतात. ‘वारसा’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही.

तेव्हा वाचकहो, या वर्षी कोणी तुमच्या हातात रंगीत चिठ्ठी दिली आणि शब्द लिहायला सांगितला, तर तिच्यावर शब्द लिहू नका. काय करणार, किती, कोणत्या वेळी आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढं लिहा. वर्षाचं नको, चार महिन्यांचं लिहा. फळ्यावर लावण्यापेक्षा घरातल्या कॅलेंडरशेजारी लावा, आणि मोकळ्या चौकोनांबद्दल तुम्हाला बिनदिक्कत विचारील अशा एका माणसाला ती वाचून दाखवा.